गुडघ्याची खोटी नोंद

डॉक्टर मॅडम,

अणदूरच्या नीलम्माचा नमस्कार.

हळदीतल्या औषधाच्या तुमच्या अभ्यासात मी गुडघ्यांसाठी तीन महिने गोळ्या नेल्या. वहीत रोज खूण केली, पण गोळी एकही खाल्ली न्हाय. माझा धाकटा भाऊ मलकप्पा, त्याला तोंडाचा कॅन्सर होता. हेच औषध कॅन्सरवरबी तपासतात, असं तुमच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर ऐकलं आणि सगळ्या गोळ्या त्याला दिल्या.

सोलापूरला त्याचे शेक, म्हणजे रेडिएशन, चालू होते. त्या शेकानं तोंड सोलून निघायचं. एक दिवस म्हणाला, "अक्का, गोळ्यांनीच बरं वाटतंय. शेकाला जात न्हाय आता."

मी म्हणाले, "नको जाऊ."

दिवाळीआधी तो गेला.

परवा तुम्ही माझे गुडघे दाबून बघितले. "फरक नाही, तसंच लिहिते," म्हणालात. मी मान हलवली. ती नोंद खोडा, मॅडम. माझ्या खोट्यापायी औषध बिनकामाचं ठरू नये.

पण हे पत्र टाकलं तर तुम्ही घरी विचारायला याल. भावजय अजून माझा हात धरून म्हणते, "अक्का, तुम्ही ह्यांच्यासाठी लई केलं." शेक मीच थांबवू दिले, हे तिला ठाऊक न्हाय.

तुमची,
नीलम्मा