मधल्या माणसाचा फोटो

हे लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल बायको लुआ, मुलगा तोआन आणि मुलगी थोआ यांची आधी माफी मागतो. शेजारच्या बेनने त्याचं मृत्युपत्र साठाव्या वर्षीच करून कपाटात टाकलं आणि तेव्हापासून तो निर्धास्त जेवतो. मी आज-उद्या करत राहिलो, कारण लिहिलं की लगेच काहीतरी होईल अशी धास्ती. आता गुरुवारी कान थो शहरातल्या इस्पितळात माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "काका, पायातला काटा काढण्याएवढं काम आहे." पण काटा काढायला कोणी उपाशीपोटी बोलवत नाही. म्हणून लिहितो.

मी लाम वान दिएन, वय त्र्याहत्तर, धंदा आधी न्हावी, पुढे न्हावी आणि फोटोग्राफर, राहणार सा देक, नदीच्या कडेला, गावात भावंडांच्या क्रमाने पाचवे काका या नावाने ओळखला जाणारा, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही धाकात नसताना हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. लुआचं मत वेगळं आहे. तेही नोंदवतो, म्हणजे मागाहून वाद नको. माझी शाळा चौथीपर्यंत. कायद्याचे शब्द बेन सांगतो आहे. त्याचं हू तियूच्या नूडलचं दुकान आहे, वकिली नाही, पण कोर्टातले कारकून सकाळी त्याच्याकडेच सूप प्यायला बसतात.

कलम पहिलं, घर. राहतं घर लुआचं. तिच्यानंतर तोआन आणि थोआ यांचं, समान. पुढच्या खोलीत तोआनला दूधचहाचं दुकान काढायचं आहे, हे मला माहीत आहे. तो माझ्यासमोर बोलत नाही, पण टेप घेऊन मापं घेताना मी पाहिलंय. काढ बाबा. मात्र उत्तरेच्या खिडकीवर पाटी लावायची नाही. त्या खिडकीतून जो उजेड येतो त्याने या गावातली चार पिढ्यांची तोंडं उजळली आहेत. चहा पिणाऱ्यांनाही तो चालेल.

कलम दुसरं, शिल्लक. सोन्याच्या अंगठ्या बिस्किटांच्या डब्यात आहेत. डबा कुठे आहे ते लुआला माहीत आहे, मला नाही. ती दर तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या, सणाला जागा बदलते. सगळ्या तिच्या.

कलम तिसरं, हत्यारं. वस्तरा, पट्टा, आरसा आणि खुर्ची तोआनने कोणालाही द्यावी, पण खुर्चीचा मागचा डावा पाय डुगडुगतो हे सांगून द्यावी. दोन भिंगांचा कॅमेरा आणि लांब कात्री थोआला. कॅमेरा आणि कात्री वेगळी करायची नाही. का ते लिहितो, नाहीतर पुढे लोक म्हणतील म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं.

चौतिसाव्या वर्षापर्यंत मी फक्त न्हावी होतो. तेव्हा क्वोई नावाचा फिरता फोटोग्राफर महिन्यातून एकदा होडीने यायचा आणि म्हाताऱ्या माणसांचे पितरांच्या देव्हाऱ्यात लावायचे फोटो काढायचा. माणसं मरायच्या आधीच नवे कपडे घालून, हसतखेळत रांगेत उभी राहायची. मी त्यांच्या दाढ्या करून द्यायचो. एकदा आमचे बदकंवाले आजोबा फोटोत असे आले की जणू पोलीस त्यांना शोधत आहेत. मी क्वोईला म्हणालो, "हे आजोबा नाहीतच. माझ्या खुर्चीत बसतात तेव्हा हनुवटी खाली असते, एक भुवई वर असते आणि बदकांच्या गोष्टी चालू असतात."

क्वोई वैतागलेलाच होता. म्हणाला, "मग तूच बघ की, न्हावीबुवा!" आणि कॅमेरा माझ्या छातीवर टेकवला.

मी वरून काचेत पाहिलं. त्या काचेत माणूस उलटा दिसतो, म्हणजे डावं उजवीकडे, आरशात दिसतो तसा. आणि मी तर सगळ्या गावाला आरशातच ओळखत होतो! इतकी वर्षं ज्यांच्या पाठीमागे उभा राहून समोरच्या आरशात ज्यांची तोंडं पाहिली, ती तशीच्या तशी त्या लहानशा काचेत येऊन बसली. आजोबांची भुवई आपल्या जागेवर होती. मी डोकं वर काढेना. क्वोई ओरडला, "अरे, विहिरीत पडलास का?"

महिनाभरात मी माझी सायकल देऊन त्याचा जुना कॅमेरा घेतला. त्यानंतर बरीच वर्षं लुआ बाजारात पायी जात होती आणि परत आली की टोपली माझ्या पायाशी आपटत होती. पहिल्या रिळात मी फिल्म पुढे सरकवायलाच विसरलो. माझी सगळी गिऱ्हाईकं एकाच चौकोनात, एकावर एक. नाकं सगळ्यांची एकाच जागी, कान मात्र चहूकडे. लुआने तो फोटो चुलीवर लावला. म्हणाली, "असू दे. आख्खं गाव एकदम जेवायला आल्यासारखं वाटतं." तो अजून तिथेच आहे. तो लुआचा.

हळूहळू जमलं. माणसाला "हसा" म्हटलं की त्याचं तोंड खोटं होतं. मग मी कात्री घेऊन त्याच्या कानापाशी नुसती हवेत चालवायचो, कच कच कच, केस न कापता. सवयीने खांदे खाली यायचे, मान सैल पडायची आणि माणूस घरच्या गोष्टी सांगू लागायचा. तेवढ्यात कळ दाबायची. म्हणून कात्री कॅमेऱ्यासोबतच राहील.

कलम चौथं, गावाची तोंडं. कपाटातल्या सगळ्या निगेटिव्ह भाजलेल्या तांदळाच्या डब्यांत आहेत, ओल लागू नये म्हणून. ज्याची त्याने फुकट न्यावी. तांदूळ पावसाळ्याआधी पुन्हा भाजावा. मान आजींची एकटीची एक पेटी आहे. त्यांनी साठीपासून आजवर दर दोन-तीन वर्षांनी देव्हाऱ्याचा फोटो नवा काढून घेतला आहे. आत्ताही त्या इथे साक्षीदार म्हणून बसल्या आहेत आणि विचारताहेत, "दिएन, ऑपरेशनच्या आधी माझा एक काढतोस का? आमचे हे चाळिशीतच गेले. एवढी म्हातारी घेऊन वर गेले तर ओळखायचे नाहीत. या वेळी जरा तरुण काढ." काढतो, उद्या सकाळी. निळा सदरा नको, पांढरा घालून या म्हणावं, निळ्यात तुम्ही आजारी दिसता.

कलम पाचवं, हिशेब चुकते करायचे राहिलेले राग. एक, पुलापलीकडचा फोटोवाला विन्ह. तो संगणकावर सगळ्यांची डोकी कापून एकाच काळ्या कोटावर बसवतो. अर्धं गाव एकाच कोटात मेलेलं आहे. माझं डोकं त्याच्याकडे जाता कामा नये. दोन, बेन. हा राग नीट समजून घ्यावा लागेल.

आमच्याकडे तीन माणसांचा फोटो काढत नाहीत. मधला आधी जातो. कोणी हसो, मी ते मानतो. माझ्या हातून कोणाचा जीव जाऊ नये म्हणून तिघं आले की मी चौथा व्हायचो. कॅमेऱ्याची आपोआपची कळ लावायची आणि तो सुर्रर्र वाजत असेपर्यंत पळत जाऊन कडेला उभं राहायचं. त्यामुळे गावातल्या कितीतरी घरांत मी आहे. कुठे पुसटसा, कुठे अर्धा, कुठे एका पायात चप्पल. बेन आणि त्याच्या दोन बहिणींच्या फोटोतही होतो. त्याने मला कात्रीने कापून काढलं.

बेन आत्ता म्हणतोय, "कापलं नाही रे, फ्रेम लहान होती."

मी म्हणालो, "मग फ्रेम मोठी घ्यायची."

"मोठ्या फ्रेममध्ये तुझा नुसता कोपर येत होता! कोपराला उदबत्ती लावू का?"

राग कायम ठेवतो, पण साक्षीदार म्हणून त्याची सही चालेल.

कलम सहावं, माझा फोटो. खरं म्हणजे याच एका गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो. आमच्या देव्हाऱ्यात माझ्या वडिलांचा फोटो आहे. आईच्या जागी लाल कागदावर नुसतं नाव आहे. ती गेली तेव्हा मी लहान होतो आणि तिचा फोटो कधी कोणी काढलाच नव्हता. तिच्या श्राद्धाला मी दरवर्षी फळं ठेवतो, उदबत्ती लावतो आणि एका नावाकडे बघत उभा राहतो. तिची भुवई कशी होती, मला माहीत नाही. माझ्या नातवंडांनी माझ्या नावाकडे बघत उभं राहू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

आणि माझा फोटो नाही. लुआ म्हणते ते खरं आहे: "गावातल्या प्रत्येक घरात तुमचा एकेक हात आहे, आणि आपल्या देव्हाऱ्यासाठी एक तोंड नाही!" कोणी कॅमेरा धरला की मी उजेड बघायला लागतो आणि चेहरा आवळतो. ओळखपत्रावर तर मी फसवल्या गेलेल्या मासेवाल्यासारखा दिसतो. स्वतःच कळ लावली तर सवयीने पळत जातो आणि धाप लागलेला येतो. गेल्या आठवड्यात तोआनने फोनवर पंचवीसेक काढले. मान आजींनी ते पाहून विचारलं, "हर्निया आत्ता दुखतोय का?"

फक्त एक फोटो असा आहे, किंवा असेल, ज्यात मी शांत बसलो होतो. पाच वर्षांपूर्वी तेतला थोआ सायगॉनहून आली होती. जेवणं झाल्यावर तिने माझा कॅमेरा शिवणाच्या यंत्रावर ठेवला. "बाबा, बसा जरा, मी नुसता उजेड मोजतेय," म्हणाली. मी बसलो, लुआ उजवीकडे बसली. थोआ येऊन डावीकडे टेकली आणि माझ्याच कानापाशी माझीच कात्री चालवू लागली, कच कच कच. मला हसू आलं. खांदे खाली आले. मग ते सुर्रर्र ऐकू आलं. मी डोकी मोजली. तीन. आणि मधला मी!

मी खूप ओरडलो. ते रीळ फेकून दे म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, मधला आधी मरतो म्हणता, मग कडेचे दोघे काय अमर होतात?" मी म्हणालो, हॉटेलांसाठी सूपाचे फोटो काढणाऱ्या मुलीने मला शिकवू नये. ती दुसऱ्या दिवशी रीळ घेऊन गेली. तेव्हापासून फोन आला की लुआ माझ्या हातात देते, मी विचारतो, "जेवलीस का?" ती म्हणते, "जेवले. तुम्ही?" मी म्हणतो, "जेवलो," आणि फोन परत लुआकडे. पहिलं वर्षभर तर मला रात्री झोपच नव्हती. मी चुकलो असं मी म्हणत नाही. तीन म्हणजे तीन.

कलम सातवं. हे कलम बेन सांगतो आहे आणि माझ्याने लिहवत नाही. तो म्हणतो, कायद्याने असं लिहावं लागतं की लुआ जर माझ्याआधी गेली तर तिच्या वाटणीचं काय. मी पेन खाली ठेवलं. चहा झाला. मान आजींनी केळी खाल्ली. पुन्हा पेन उचललं, पुन्हा ठेवलं. बेन म्हणाला, "अरे, नुसतं लिहायचंय. लिहिल्याने कोणी मरतं का?" हे तो मला विचारतो.

लुआ आतून मासे साफ करता करता ओरडली, "लिहा की! मी काही तुमच्यासाठी थांबणार नाहीये." आणि नंतर थोआ? थोआलाही काही झालं तर? तेही बेनला लिहून हवं आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. त्या फोटोत लुआ एका कडेला आहे, थोआ दुसऱ्या कडेला आहे, आणि मध्ये मी आहे. मधला आधी जातो. म्हणजे क्रम ठरलेला आहे. मी पहिला, माझ्या दोघी माझ्यानंतर. मला जसा हवा होता अगदी तसा. पाच वर्षं ज्या फोटोच्या भीतीने मी कूस बदलत राहिलो, त्यात माझ्या पोरीने मला घरातली सगळ्यात चांगली जागा दिली होती, आणि मी तिच्यावर ओरडलो.

म्हणून सातवं कलम रद्द. त्याची गरज नाही. बेन म्हणतो असं चालत नाही. चालेल.

बेन असंही म्हणतो की सहीच्या खाली काही लिहिलं तर ते धरत नाहीत. म्हणून सहीच्या वरच लिहितो. थोआ, या कागदाचा फोटो तोआन तुला आजच फोनवर पाठवेल. ते रीळ तू फेकलंस का? फेकलं नसशील तर धुऊन घे. देव्हाऱ्यासाठी फक्त मधला भाग मोठा कर, कारण तुम्ही दोघींनी इतक्यात तिथे येऊन बसायचं नाही. पण माझ्या कानापाशी तुझा हात आणि कात्री आली असेल, ती कापू नकोस. फ्रेम लहान पडली तर मोठी घे. आणि फेकलं असशील तर गुरुवारच्या आत ये. कॅमेऱ्यात नवं रीळ घालून ठेवलं आहे. मी मध्ये बसेन, हलणार नाही, कोणाला चौथं बोलवणार नाही. काय ते लवकर कळव. आईच्या फोनवर नको, माझ्यावर कर. मी जेवलीस का म्हणून विचारणार नाही.

लिहून ठेवणार: लाम वान दिएन (सही)

साक्षीदार: काओ वान बेन, नूडलचं दुकान, शेजारी (सही; सातव्या कलमाशी सहमत नाही)

साक्षीदार: न्गो थी मान (अंगठा, सही येते, पण हाताला केळं लागलं आहे)

ठिकाण: सा देक, उत्तरेच्या खिडकीपाशी
सोमवार, ११ जून २०१८