गाठ बाहेरून

६ जाने., मंगळ.
या वहीत पुढून गिऱ्हाइकांची मापं, मागून माझी.
आज पाच ब्लाउज कापले. एकाचा गळा चुकला. हिरवं खणाचं कापड, आता त्या बाईंना काय तोंड दाखवू? हात इथे आणि डोकं केतकीत, दुसरं काय होणार. कॉलेजला गेली ती काळा टीशर्ट, काळी जीन्स, कमरेला साखळी आणि वर ते जॅकेट. जीन्सचंच, बाह्या कापून टाकलेल्या, कापल्या कडेचे दोरे लोंबतायत. टेलरबाईची एकुलती एक पोर आणि अंगावर कड न मोडलेला कपडा. लोकांना वाटत असेल, दिव्याखाली अंधार.
समोरच्या कामतवहिनी येऊन बसल्या. "अगो शुभदा, पोरीला कुणी काय केलंन तर नाय ना? काल तिन्हीसांजेला दारात बघितली तिला, उरात धस्सच झालां."
म्हटलं, वहिनी, केलंन असेल तर कॉलेजनंच केलंन. हसल्या, गेल्या. माझं हसू मात्र तेवढ्यापुरतंच होतं.

८ जाने., गुरु.
जेवताना क.ला विचारलंच, हे आहे तरी काय? "मेटल. म्युझिक आहे आई. रत्नागिरीत आम्ही सहाजणं आहोत." सहाजणं! भजनी मंडळालासुद्धा यापेक्षा जास्त लागतात. एक गाणं ऐकवलं. पिठाच्या गिरणीत रेडा शिरल्यासारखं.
"हा एवढा ओरडतोय का?"
"ओरडत नाही, गातोय."
"कुणी गेलं का त्याचं?"
उठून गेली. भात तसाच ताटात.
दुपारी पुढच्या खोलीत, दुकानात कुणी नव्हतं तेव्हा मोबाइलवर शोधून तीन ऐकली. तिसऱ्याला मशीनवरच्या पायाशी ताल जुळला. अख्खा परकर त्यावर शिवून झाला. हे तिला सांगणार नाही.

११ जाने., रवि.
मिरजोळ्याला एमआयडीसीत एका कारखान्याचे गणवेश पोचवायचे होते. उद्या चाललं असतं, पण मी आजच गेले. मागच्या गल्लीत काजूची बंद पडलेली शेड, तिथे या सहाजणांच्या बँडची प्रॅक्टिस. खिडकीची काच फुटलेली, तिथून पाहिलं. क. गिटार वाजवते एवढं माहीत होतं. उभी कशी राहते ते माहीत नव्हतं. घरी खांदे पाडून बसणारी पोर, तिथे पाठ अशी ताठ की माप घ्यावं.
ड्रमवर झेबा. राजिवड्याची, क.ची अकरावीपासूनची मैत्रीण. डोक्याला काळा स्कार्फ घट्ट बांधलेला, त्यावर तसलंच जॅकेट. गाणं संपलं की यांचा रामराम वेगळाच. कपाळाला कपाळ ठोकतात! आवाज खिडकीपर्यंत आला. चांगल्या घरच्या पोरी आणि हे एडक्यांसारखं.
आत गेले नाही. कशाला आलीस म्हणाली असती तर?

१३ जाने., मंगळ.
ह्यांचा मुंबईहून फोन. "दहावीपर्यंत बरी होती. तू घरात असतेस, लक्ष ठेव जरा." मी घरात असते! दिवसाला दहा तास मशीनवर असते ते कुणी बघत नाही. फोन ठेवल्यावर दोन बॉबिन चुकीच्या रंगाच्या भरल्या.
रविवारी १८ ला शेडमध्ये बँडचा पहिला कार्यक्रम, कोल्हापूरची पोरं येणार ऐकायला. आणि क.चं झेबाशी वाजलंय. परीक्षेमुळे दोनदा प्रॅक्टिसला गेली नाही. फोनवर म्हणत होती, "सोडून नाही चाललेय मी. किती वेळा सांगू?" मी दारात दिसल्यावर आवाज खाली.

१५ जाने., गुरु.
क. कॉलेजला, जॅकेट खुंटीला. हातात घेऊन नीट बघितलं. पाठीवर पाच कापडी तुकडे शिवलेले, काळ्यावर पांढरी चित्रं. कवटी, सुरमईचा सांगाडा, कसलीतरी काटेरी अक्षरं. चित्रांचं सोडा, पण शिवण! टाके एक बोटभर, एक नखाएवढा. दोरा म्हणजे मच्छीमारांचा जाळ्याचा नायलॉन. आणि गाठी सगळ्या बाहेर. पाचच्या पाच, मिरीएवढ्या, वर दोऱ्याची शेपटी. दुकानात शिकायला येते त्या पोरीला पहिल्या दिवशी सांगते, गाठ आत, लाज आत. आणि माझ्याच घरात हे.
रविवारी परगावची माणसं बघणार. म्हणतील, हिची आई काय करते? टेलर आहे!

१६ जाने., शुक्र.
केलं एकदाचं! दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसले. पाची तुकडे उसवले. नायलॉन चिवट, ब्लेडने बोट कापलं. तुकड्यांच्या कडा मोडल्या, काळा दोरा लावला, मशीनवर दोन शिवणी. खांद्याच्या फाटक्या कडांना तिरपी पट्टी. इस्त्री. बघत राहावं असं झालंय. कवटीसुद्धा सुखी दिसते आहे.
घडी घालून तिच्या बॅगेत तळाशी ठेवलं. सांगितलं नाही. रविवारी काढेल तेव्हा कळेल, आपली आई अगदीच काही विरोधात नाही.
आज बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

१८ जाने., रवि.
सकाळी गेली. मी पुरणपोळ्या केल्या. साडेचारला परत. कार्यक्रम सहाचा होता.
जॅकेट हातात. "हे कुणी केलं?"
"मी. छान झालंय ना?"
रडली नाही. रडली असती तर बरं. उभ्या उभ्या सांगितलं. पॅच आपण आपला लावायचा नसतो, मित्राने आपल्या हाताने लावायचा. गाठ बाहेर, कुणी बांधली ते सगळ्यांना दिसायला हवं. आणि ती गाठ एकदाच कापतात. संबंध तोडताना.
"मी सगळ्यांच्या समोर ते घातलं, आई. न बघता. झेबानं पाठीमागून बघितलं. पाची गाठी नाहीत. काठ्या खाली ठेवल्या आणि चालती झाली."
"मग सांगायचंस ना, आईने केलं."
"सांगितलं. ती म्हणाली, आईवर ढकलू नको."
कार्यक्रम झालाच नाही. कोल्हापूरची पोरं चहा पिऊन परत.
मी काय बोलले? लिहायलासुद्धा लाज वाटते. म्हणाले, "एवढ्याशा गाठीवरून?"

१९ जाने., सोम.
क. राजापूरला गेली, आत्याकडे. सकाळची एसटी. जॅकेट माझ्या मशीनवर टाकून गेली. फोन केले चार, उचलला नाही. संध्याकाळी वन्संचा फोन, "आहे गो, जेवली. बोलत नाय कुणाशी. भांडलात काय?" म्हटलं, नाही. मग म्हटलं, हो.
परीक्षा दोन तारखेला. वह्या इथेच.

२० जाने., मंगळ.
कातरणांची गोणी अंगणात उपडी केली. उशा भरायला ठेवते मी, म्हणून बरं. कामतवहिनी गॅलरीतून, "काय हरवलां गो?" म्हटलं, टाचणी. तास दीड तास एकेक चिंधी झाडली. चार गाठी मिळाल्या. पाचवी नाही. पुडीत बांधून ठेवल्या. काय करायच्या ते ठाऊक नाही.
दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. बरं नाही म्हणून सांगितलं. खोटं तरी कुठे होतं?

२२ जाने., गुरु.
राजिवड्याला गेले. झेबाची अम्मी दारात मासे घेत होती. कोण ते सांगितल्यावर हात धुऊन आत नेलं, सरबत दिलं. तिचा नवरा कुवेतला, माझा मुंबईला. दोघींच्या घरात एकेक काळं जॅकेट.
"मला तर कायच समजत नाय," ती म्हणाली. "मी तर ते धुते पण नाय. एकदा धुतलं तर चार दिवस बोलली नव्हती. म्हणे, घाम राहू दे."
"घाम?"
"घाम!"
दोघी हसलो. मग दोघींच्याही डोळ्यांत पाणी. तिने खुंटीवरचं झेबाचं जॅकेट आणून पुढ्यात ठेवलं. मी या वेळी हात मांडीखाली दाबून बसले. डाव्या खांद्याजवळ एक तुकडा, कडेला काजाचा टाका. एकाला एक लागून, सारखा. मी ओळखला. क. आठ वर्षांची असताना मी शिकवलेला, फ्रॉकच्या बटणासाठी. त्यानंतर तिने सुई धरलीच नाही. मला शिवण आवडत नाही म्हणायची. आणि इथे जाळ्याच्या दोऱ्याने, तोच टाका. गाठ बाहेर.
झेबा आतल्या दारात उभी होती. कधीपासून ते माहीत नाही.
म्हटलं, "बाय, ते मी केलं. माझ्या हाताने. तिला माहीतसुद्धा नव्हतं." कापलेलं बोट दाखवलं, मूर्खासारखं. पुडी पुढे केली. तिने उघडली, गाठी तळहातावर घेतल्या, एक उचलली. "ही माझी."
ती बोटांत फिरवली. मग म्हणाली, "काकी, तुम्ही तिला विचारलं का नाही?"
चाळीस मापं घेते मी महिन्याला, प्रत्येकीला विचारते, गळा किती खोल, बाही कुठवर. परक्या बायकांना.
पुडी परत दिली, स्वतःची गाठ ठेवून घेतली. रागाने की कशी, ते कळलं नाही.

२५ जाने., रवि.
जॅकेट मशीनवर आहे. सारखं डोळ्यांपुढे. सकाळी उसवणी घेऊन बसले, म्हटलं माझ्या शिवणी तरी काढून टाकू, पूर्वीसारखं करू. पहिल्या टाक्याखाली टोक घातलं आणि थांबले. पुन्हा तेच. पुन्हा न विचारता.
उसवणी डब्यात टाकली. डबा वरच्या फळीवर. बसवत नाही, उठवत नाही. दोनदा अंगण झाडलं.
क.ला मेसेज लिहिला. "चुकले. मी विचारायला हवं होतं. वह्या पाठवू का?" पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२७ जाने., मंगळ.
झेबाच्या अम्मीचा फोन. "सकाळच्या गाडीनं गेली राजापूरला. मला सांगून नाय, चिठ्ठी ठेवून." घाबरली होती. मीच तिला धीर दिला, वन्संचा नंबर दिला. संध्याकाळी वन्सं म्हणाल्या, "दोघी नदीवर बसल्यात. मी चहा दिला, प्यायल्या नाय. भांडतायत की काय, मला काय कळत नाय गो बाय."
कळत नाही असं म्हणणाऱ्या आता तीन झालो.

२९ जाने., गुरु.
क. आली. झेबा स्टँडवरूनच घरी गेली म्हणे. क.चं कपाळ जरा लाल दिसलं. मी काही म्हटलं नाही. ताट वाढलं, जेवली. "मीठ कमी आहे," एवढंच. मला सणासारखं वाटलं.
नंतर जॅकेट आणि फळीवरचा डबा घेऊन आत गेली, दार लावून घेतलं. गाठींची पुडी आधीच तिच्या टेबलावर ठेवली होती मी.

३० जाने., शुक्र.
दार बंद. अभ्यास की आणखी काही, कोण जाणे. ह्यांचा फोन, "तिला म्हणावं परीक्षा झाली की मुंबईला ये, हे सगळं सुटेल." म्हटलं, तुम्हीच विचारा तिला. सांगू नका, विचारा. ह्यांना नवीनच ते.

३१ जाने., शनि.
दुपारी जेवून दुकानात आले तर जॅकेट मशीनवर. नीट पसरून ठेवल्यासारखं, पाठ वर.
माझी सगळी शिवण गेलेली. एकही टाका नाही. काढताना कापड कुठे फाटलंही नाही, हात बरा आहे पोरीचा. सुरमईचा सांगाडा जाळ्याच्या दोऱ्याने परत जागेवर, वेडावाकडा. शेजारी झेबाची गाठ. नवी बांधलेली, मिरीएवढी, बाहेर. बाकीचे चार तुकडे नुसते पिनेने टोचलेले, ज्याचे त्याने येऊन लावायचे असणार. खांद्यांवरची माझी तिरपी पट्टी मात्र ठेवली आहे. की राहिली आहे?
आणि खाली, कमरेच्या वर, सहावा तुकडा. हिरवं खणाचं कापड. गळा चुकलेल्या ब्लाउजचं, कातरणांतलं. त्यावर काही काढलेलं नाही. एका पिनेवर लोंबतोय. बाजूला सुई, नायलॉन ओवलेली. गाठ मारलेली नाही.
हात पुढे गेला, मागे घेतला. विसरून ठेवलं असेल. पेपर सोमवारी, घाईत उठली असेल. नाहीतर झेबासाठी असेल, ती संध्याकाळी येते आहे. नाहीतर.
कामतवहिनी समोरून बघतायत. बघू देत.
दारातून हाक मारली, "केतकी, ह्याला हात लावू का गो?"
आत पंख्याचा आवाज होता. मग पंखा बंद झाला.
अजून बाहेर आलेली नाही. सुई तशीच आहे. मी वही घेऊन स्टुलावर बसले आहे.