छावणीतली तुमची कबड्डी

प्रिय अहो,

हसलात ना? पत्रात तरी नावाने हाक मार, असं तुम्ही कितीदा म्हणालात! पण इतक्या वर्षांत माझ्या तोंडून 'सुधीर' निघालं नाही, ते आज कागदावर कसं निघणार?

काल तुमच्याबरोबर काम करणाऱ्या रफीकभाईंनी एक व्हिडिओ पाठवला, म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेल्यापासून सगळे माझ्याशी तुमच्याबद्दल बोलतात. तुमच्याशी बोलायचं मात्र राहूनच गेलं.

इथे कुवेतमध्ये अमेरिकन सैनिकांच्या छावणीत एसी दुरुस्तीचं काम घेतलंत, तेव्हा मी किती घाबरले होते! बंदुका, तारांची कुंपणं, चहूकडे वाळवंट. आणि पहिल्याच आठवड्यात तुम्ही घरी आलात ते हसतच. "अगं, एवढाले सैनिक, आणि प्रत्येकाच्या पलंगावर आपापल्या कॉलेजच्या टीमचा झेंडा! एकाचे तर बुटातले मोजेसुद्धा कॉलेजच्या रंगाचे. ज्याची टीम हरते त्याने दुसऱ्याच्या टीमची टोपी घालून दिवसभर हिंडायचं!"

मग तुमच्या बोलण्यात सार्जंट ग्रेस येऊ लागली. तिची फुटबॉलची टीम दर शनिवारी हरायची, तरी झेंडा भिंतीवर. तिच्या खोलीतला एसी दुरुस्त करताना तुम्ही विचारलंत, "सारखे हरतात, तरी?" ती म्हणाली, "माझेच आहेत ना ते." आणि लगेच तिने विचारलं, "तुमची टीम कुठली?"

तुम्ही काय सांगितलंत? "कराड. कबड्डी. आम्हीही हरायचो."

त्या दिवसापासून तुम्ही पुन्हा कॉलेजात गेलात. सासूबाईंनी ट्रंकेतून शोधून तुमची ती मरून जर्सी कुणाबरोबर तरी पाठवली. अंगात घातलीत तर पोटावरच अडकली! मी हसून हसून बेजार. तुम्ही तीच त्यांच्या हॉलमध्ये झेंड्यांच्या रांगेत टांगलीत. आणि मग व्यायामाच्या गाद्या पसरून त्यांना कबड्डी शिकवायला लागलात. सहा-सहा फुटांचे गडी "कबाडी, कबाडी" म्हणत धावायचे, दम सुटला की भांडायचे, असं तुम्ही जेवताना करून दाखवायचात. एकदा लंगडत घरी आलात. "पन्नाशी आली, अहो! पडलात तर?" मी ओरडले. "पण रेषेला हात लावला की नाही!" म्हणालात, आणि गुडघ्याला तेल लावून घेत बसलात.

गुडघ्याचं सांगत होतात. छातीचं का नाही सांगितलंत?

शुवैखच्या बाजारातल्या दुकानात कॉम्प्रेसरचा पार्ट आणायला निघालात, तेव्हा वाटेत दोनदा छाती चोळलीत म्हणे. रफीकभाईंनी गाडी वळवू का विचारलं, तर "ॲसिडिटी आहे रे" म्हणालात. सकाळी दारात मला फक्त बटाट्याची भाजी करायला सांगितलीत! मी तेव्हाच तुम्हाला हात धरून बसवलं असतं. नोकरी गेली असती तरी चाललं असतं. एवढंही कळू नये तुम्हाला?

मग रफीकभाईंचा फोन आला. "वहिनी, खाली येऊन उभ्या राहा, मी गाडी घेऊन येतो." कुठे जायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. भाजी तशीच चिरलेली राहिली.

तुम्हाला कराडला नेलं. आपला निनाद पुण्याच्या कॉलेजातून आला. सगळं केलं त्याने, गुरुजी सांगतील तसं. पण डोळ्यांतून टिपूस नाही. पुण्याला परत गेला आणि कॉलेजच्या बास्केटबॉल टीममधून नाव काढून घेतलं. का, ते मला सांगेना.

तुम्हाला आठवतं, तुम्ही कबड्डीचं काही सांगायला लागलात की तो म्हणायचा, "बाबा, नोबडी केअर्स!" मला राग यायचा. तुम्हाला नाही. "त्याला बास्केटबॉल आवडतं ना? मग तीच आपली टीम," म्हणत तुम्ही फोनवर त्याच्या मॅचेस बघायचात.

शाळेची नोकरी होती म्हणून मी कुवेतला परतले. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, तुमच्या नावावर होता, तो शाळेच्या नावावर करून घ्यायला रांगेत उभी राहिले. खिडकीमागच्या बाईने विचारलं, "नवरा?" "नाही," म्हणाले. तेवढंच. तिने शिक्का मारला. बाहेर येऊन मला टॅक्सीला हात करायचंही सुचेना.

आणि काल हा व्हिडिओ. ग्रेसची तुकडी मायदेशी निघाली आहे. जाण्याआधी सगळे आपापल्या कॉलेजच्या टोप्या, टीशर्ट घालून हॉलमध्ये जमले होते. तुमच्यासाठी कबड्डी खेळायला! ग्रेसच्या अंगात तुमची जर्सी. तिला अगदी बरोबर बसली हो. ती चढाईला गेली, चौघांनी मिळून धरली. पडल्यावर आधी हसली. मग गादीवरच बसून राहिली, जर्सीत तोंड खुपसून. मागून रफीकभाईंचा आवाज, "खेळा, खेळा. सुधीरभाईंना थांबलेलं नाही आवडायचं." नारिंगी टोपीवाल्या एका धिप्पाड माणसाने तिला हात देऊन उठवलं. शेवटी ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, आम्ही आजही हरलो."

व्हिडिओपाठोपाठ रफीकभाईंचा फोन. "वहिनी, ती विचारते, जर्सी घरी नेऊ का? तुम्ही नाही म्हणालात तर आत्ता आणून देतो."

काय सांगू? तुमचे बाकीचे कपडे मी कराडलाच देऊन आले होते. उरली होती ती एवढीच. ती मला हवी होती. उद्या सांगते म्हणाले.

व्हिडिओ निनादला पाठवला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. चक्क मराठीत म्हणाला, "आई, हे सगळं बाबांनी शिकवलं त्यांना?" आणि रडला. लहान असताना रडायचा तसा, हुंदके देऊन. मी इकडे फोन कानाला घट्ट धरून बसले.

शांत झाल्यावर त्याला जर्सीचं विचारलं. "देऊन टाक," म्हणाला. "आपण कपाटात ठेवू. ती भिंतीवर लावेल."

"आणि तुझा खेळ?"

"माहीत नाही. कोच विचारत होते." मी ताणलं नाही.

आज सकाळी रफीकभाईंना सांगितलं, नेऊ दे तिला. फोन ठेवल्यावर पुष्कळ रडले. पण परत मागावंसं वाटलं नाही.

आता माझा शब्द ऐका. हिवाळ्याच्या सुट्टीत मी पुण्याला जाणार. निनाद खेळो, नाहीतर बाकावर बसो, मी त्याच्या कॉलेजच्या मैदानाच्या पायऱ्यांवर पहिल्या रांगेत असेन. त्या खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी ओरडेन. तो लाजेल, "आई, प्लीज!" म्हणेल. तरी थांबणार नाही. तुमच्या वाटचंही मलाच ओरडायचं आहे.

तुमची,
वंदना