आईचं चालणं

काशान,
११ उर्दीबेहेश्त

प्रिय अकदस आबजी,

सलाम. तू आणि घरातली सगळी मंडळी खुशाल असाल अशी आशा आहे. तुझे गुडघे कसे आहेत? यज्दला एव्हाना ऊन तापायला लागलं असेल. इकडे आमचं ठीक चाललं आहे. या वर्षी गुलाब जरा लवकर फुलले, फरंगीसने परवाच गुलाबपाणी काढलं. घरभर अजून वास आहे. तुझ्या वाटणीच्या बाटल्या बाजूला ठेवल्या आहेत.

धाकट्या भावाचं पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोनवर माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस, म्हणून लिहितो आहे. लिहिण्याची मला सवय नाही. सारी नोकरी पाणीखात्यात नकाशे काढण्यात गेली. कालवा कुठून कुठे जातो आणि उतार किती, एवढंच काय ते माझं लिखाण.

सांगायचं म्हणजे, आमच्या पोरीचा, तरलानचा सिनेमा अखेर लागला. हिवाळ्यात महोत्सवात दाखवला होता, आता सगळीकडे लागला आहे. काशानला चौकातल्या थिएटरात आहे. ती गेली त्याला पुढच्या महिन्यात, चार खोरदादला वर्ष होईल. पोस्टरवर तिचं नाव बऱ्यापैकी मोठं आहे.

तू पाहिला नसशील असं धरून थोडं सांगतो. अंगणातल्या हौदावर फळ्या टाकून लग्नघरी नाटक करायची पद्धत आता कोणाला फारशी ठाऊक नाही, म्हणून सुरुवातीचा बराच भाग त्यातच जातो. फळ्या आणणं, बांधणं, वर गालिचा घालणं. मग आपल्या वडिलांची, आगाजानची मंडळी तालीम करताना दिसतात. एका मखमलवाल्याच्या घरचं लग्न आहे आणि बायकांची कामं करणारा माणूस तापाने आडवा पडतो. ते काम आगाजानवर येतं. त्यांची बायको जाऊन जेमतेम एक हिवाळा झालेला आहे, अंगावर काळा सदरा आहे. ते नाही म्हणतात. तेव्हा त्यांची नऊ वर्षांची मुलगी तो सदरा उतरवते, आईची फुलाफुलांची चादोर त्यांच्या डोक्यावरून घालते आणि बाई कशी चालते ते त्यांना अंगणात चालून दाखवते. आई चालायची तसं.

मुलीचं नाव तरलानने बदललं आहे. पण ती कोण, हे तुला मी सांगायला नको.

तू तरलानला हे स्वयंपाकघरात सांगितलं होतंस आणि तिने ते चौकात नेलं, हा तुझा राग मी समजतो. तिलाही समजला होता. तू दवाखान्यात आलीस तेव्हा ती बोलण्याच्या पलीकडे गेली होती, नाहीतर तिनेच काहीतरी म्हटलं असतं. तो विषय मी वाढवत नाही.

सिनेमावर बरंच छापून आलं आहे. फरंगीस पेपर आणते, चष्मा लावते आणि मोठ्याने वाचते. मी ऐकतो. त्या लोकांची भाषा मला अवघड जाते, पण बहुतेकांनी चांगलं लिहिलं आहे. तेहरानच्या एका मासिकातल्या बाईंनी लिहिलं की अंगणातल्या त्या प्रसंगासाठी हा सिनेमा पुष्कळ दिवस लक्षात राहील. त्या मुलीच्या डोळ्यांबद्दल त्यांनी अख्खं पान खर्च केलं आहे. ते पान तू वाचावंस असं वाटलं, म्हणून सोबत जोडलं आहे.

सगळे तसे नाहीत. एका तरुण समीक्षकाने चूक काढली. त्याचं म्हणणं, दुखवट्याचं काळं घरातलं मोठं माणूस उतरवतं, तेही ज्याच्या स्वतःच्या अंगावर काळं नाही असं. इथे पोरगी उतरवते आणि तीच काळ्यात आहे. दिग्दर्शिकेला आपल्या चालीरीती माहीत नाहीत, असं त्याने लिहिलं.

फरंगीस भडकली. म्हणाली, "याला कोणी जन्मात दुखवट्याला बोलावलं नसेल, आणि आम्हाला शिकवतोय!"

मी म्हटलं, "अगं, रीत तर तशीच आहे."

"तुम्ही त्याच्या बाजूचे की आपल्या मुलीच्या?"



दुसऱ्या एकाला आगाजानचं काम करणारा नट आवडला नाही. चादोर घेतल्यावर तो नट कमरेतून एका बाजूला झुकून चालतो. याने लिहिलं, नटाने बाई उभी करायची सोडून लंगडी बाई उभी केली आहे, आणि का, ते शेवटपर्यंत कळत नाही. हे वाचून मला जरा लागलं. तसं चालायला तरलानने त्या नटाला स्वतः शिकवलं होतं. आमच्या बैठकीत ती चालून दाखवायची आणि तो मागून चालायचा. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभा. ती म्हणाली होती, "बाबा, हसू नका. ही तुमची आई आहे." मी हसत नव्हतो.

आई कशी चालायची हे मला कुठून ठाऊक असणार? मी तेव्हा तान्हा होतो. सिनेमातल्या त्या घरात तान्हं मूल नाहीच. का नाही ते मी तरलानला विचारलं नाही. तिला गोष्टीत जेवढी माणसं लागली तेवढी तिने घेतली असतील.

आणि एकाने फार आपुलकीने लिहिलं आहे. त्याने सिनेमातले दोष मोजून दाखवले आणि शेवटी म्हटलं, पुढच्या सिनेमात ही दिग्दर्शिका यावर नक्की मात करेल, आम्ही वाट पाहतो आहोत. त्याला कोणी सांगितलं नसावं. फरंगीस तिथे थांबली आणि पेपर घडी करून ठेवला. पुढे भाजीबद्दल बोलली.

फरंगीस आता निळं घालते. तिच्या बहिणी अर्ध्या वर्षालाच कापड घेऊन आल्या, रडल्या, हसल्या, तिचं काळं उतरवून गेल्या. मला बरं वाटलं. घरात थोडा रंग आला.

माझं काळं आपलं आहे तसंच आहे. दुखवट्यातली दाढी बरीच वाढली. मागच्या आठवड्यात उस्ता हबीबच्या दुकानावरून जात होतो, त्याने बाहेर येऊन अडवलं.

"नुसरत आगा, दाढीत चिमण्यांनी घरटं केलं तर माझं नाव खराब होईल. लोक म्हणतील, गल्लीत न्हावी नाही."

मी म्हटलं, "मग लाव वस्तरा."

"मी असा लावत नाही. घरातलं मोठं माणूस घेऊन या. ते तुम्हाला रंगीत सदरा घालेल, मग मी वस्तरा लावेन."

"मोठं माणूस यज्दला आहे."

"मग आपण दोघं यज्दला जाऊन दाढी करू," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मग खुर्ची पुसायला लागला. भला माणूस आहे.

माझ्या बाजूला तुझ्याशिवाय मोठं कोणी उरलं नाही, हे तुला माहीत आहेच. मी ते सहज लिहिलं.

चार खोरदादला सकाळी आम्ही तिच्याजवळ जाऊ, दुपारी घरी थोडी माणसं जेवायला असतील. फरंगीसने आता डोकावून विचारलं, "लिहिलंत का ते?" मी म्हटलं, काय ते? ती "धन्य आहे तुमची" म्हणून आत गेली.

गुडघ्यांना जप. सर्वांना सलाम सांग.

तुझा भाऊ,
नुसरत


काशान,
२६ उर्दीबेहेश्त

अकदस आबजी,

काल तुझा फोन आला आणि मला काही सुचायच्या आत संपला, म्हणून परत लिहायला बसलो. आज दाराची बेल वाजली तरी मला फोनच वाटला.

तू सलाम केला नाहीस. एकदम म्हणालीस, "नुसरत, ते लंगडी म्हणणारं गाढव कोण आहे?"

वर्षभरानंतर तुझा आवाज असा आला. मला आधी गाढव कळलं, मग तू कळलीस.

"तू पाहिलास सिनेमा?" मी विचारलं.

"दोनदा. सुनेला घेऊन गेले. तिला वाटलं आपण चपला घ्यायला चाललोय."

"मग?"

"मग काय! सिनेमा संपला तेव्हा चपलांची दुकानं बंद झाली होती." आणि लगेच म्हणालीस, "गाढव असला तरी त्याचं बरोबर आहे. तो बाप्या कंबर एका अंगाला टाकून चालतो आणि कडेवर काहीच नाही. लंगडाच दिसणार, दुसरं काय? आई लंगडत नव्हती, नुसरत. तिच्या कडेवर तू असायचास."

तू पुढे म्हणालीस, "खाली ठेवलं की भोकाड पसरायचास. ती चुलीपाशी तुला घेऊन, हौदावर तुला घेऊन. मला तिचं दुसरं चालणं आठवतच नाही. पोरीने विचारलं, आजी कशी चालायची, तर मी चालून दाखवलं. तू होतास हे सांगितलं नाही."

"का नाही सांगितलंस?"

"सगळंच द्यायचं का तिला? घरातलं सगळं उचलून नेत होती. तेवढं एक मी ठेवून घेतलं."

मग तुझ्याकडच्या समोवारात चहाचं पाणी उकळत असल्याचा आवाज आला. तू हळू म्हणालीस, "ठेवून घ्यायला नको होतं. पोरीचं काम त्याने अधुरं राहिलं." मी म्हणणार होतो की तसं काही नाही, पण त्याआधी मी चार खोरदादचा विषय काढला आणि तू तोडलंस. "मी काय येऊ? माझ्याच अंगावर काळं आहे. काळ्यातल्या माणसाने दुसऱ्याचं काळं उतरवायचं नसतं, तुझ्या त्या पोराने छापलंय ना." आणि फोन ठेवलास.

आबजी, तू काळ्यात आहेस हे मला ठाऊक नव्हतं. दफनाच्या दिवशी तू भिंतीशी उभी राहिलीस आणि जेवणाआधी निघून गेलीस. मी समजलो, राग आहे. राग असेलही. पण वर्षभर तू तिकडे तिच्यासाठी काळं घातलंस आणि मी इकडे, आणि दोघांनी एकमेकांना काही कळवलं नाही. फरंगीसला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "भावंडं शोभता." नंतर ती स्वयंपाकघरात एकटीच रडली.

आज मी दुपारच्या खेळाला पुन्हा गेलो. थिएटरात फार कोणी नव्हतं. पुढच्या रांगेत दोन कॉलेजच्या मुली बिया फोडत बसल्या होत्या. अंगणातला प्रसंग आला, तो नट चादोर सावरून झुकून चालायला लागला, तशी एक दुसरीला म्हणाली, "अय्या, हा असा का चालतो गं?" दुसरी म्हणाली, "कोण जाणे. पण बघत राहावंसं वाटतं." मी त्या कमरेकडे पाहत होतो. आईचा चेहरा मला आठवत नाही, फोटोही आपल्याकडे नाही. पण ती ज्या बाजूला झुकली होती तिथे मी होतो. माझं वय झालं आबजी, आणि मला आईबद्दल पहिल्यांदा काहीतरी कळलं, तेही कोणाच्या तरी चुकीमुळे. तरलानचं काम अधुरं राहिलं असं तू मनाला लावून घेऊ नकोस. तू सगळं सांगितलं असतंस तर तिने एखादं भाड्याचं बाळ आणलं असतं. मग मी त्या बाळाकडे पाहिलं असतं.

तिला मात्र हे कळायला हवं होतं. तिने कपाळावर हात मारला असता. "बाबा, तुम्हीच होतात!" असं ओरडली असती आणि मग तुला फोन लावून भांडली असती, "आत्या, लबाड, एवढी मोठी गोष्ट लपवलीस!" तूही तिला सोडलं नसतंस. मला ते भांडण ऐकायचं होतं. बाजूच्या खोलीत बसून, पेपर वाचत असल्यासारखं. दिवसात केव्हाही, काहीही करत असताना, मला ते ऐकू यावं असं वाटतं. सिनेमात तिचा आवाज कुठेच नाही. तिने सगळ्यांचे आवाज घेतले, स्वतःचा नाही घेतला.

मागच्या पत्रात जे लिहायचं मी टाळलं ते आता लिहितो. चार खोरदादला ये.

रीत काय आहे ती राहू दे. त्या तरुणाचं बरोबर असेल, आपण काही त्याच्याशी वाद घालायला जात नाही. सदरा आणू नकोस, काही उतरवू नकोस. काळ्यातच ये. मीही काळ्यातच असेन. उस्ता हबीबला सांगून ठेवलं आहे की इतक्यात काही नाही. तो म्हणाला, "म्हणजे माझं नाव खराबच होणार तर." म्हटलं, हो.

आपण दोघं तिच्याजवळ बसू. तुला तिच्यावर रागवायचं असेल तर रागव, मी मध्ये पडणार नाही. तिला माझ्याबद्दलचं ते सांग. तुझ्या तोंडून सांग, मी सांगितलेलं तिला खरं वाटायचं नाही. मग संध्याकाळी आपल्या अंगणात हौदाला एक फेरी घाल, आई चालायची तशी. गुडघे दुखत असतील तर माझा हात धर. मला एकदा मागून चालायचं आहे.

तू कडेवर वाढवलेला,
नुसरत