पदवीआधी मनोरा चढू नये

बुधवार, ७ मार्च

दोनातोचा फोन! स्वतःहून! "या शनिवार-रविवारी बोलोन्याला ये," म्हणाला. मी म्हटलं, अरे, पुढच्या बुधवारी माझी केमिस्ट्रीची परीक्षा आहे, आणि एकवीस तारखेला तुझ्या पदवीला आम्ही सगळे येतोच आहोत की! तर म्हणे, "तेव्हा गर्दी असेल. आत्ता ये. एकटी ये."

वर्षभर हाच भाऊ मला "नको येऊस, अभ्यास आहे" म्हणून कटवत होता. नाताळात घरी आला तर गालफडं बसलेली, मम्माने वाढलेलं निम्मं ताटात तसंच. आणि आता एकदम ये! आनंद व्हायला हवा. झालाही. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

गुरुवार, ८ मार्च

मम्माला सांगितलं आणि पस्तावले. तिने मला कामालाच लावलं. त्याच्या कोटाचं माप घेऊन ये — "विचारू नकोस, तो खोटं सांगतो, सरळ टेप लाव." एकवीसच्या दुपारच्या जेवणासाठी खानावळ ठरवून ये, वीस माणसं. त्याच्या फडताळात खायला काय आहे ते बघून ये. लाल साखरबदाम तर तिने कधीच आणून कपाटात ठेवलेत. लग्नाला पांढरे, पदवीला लाल! आमच्या गावच्या संतापुढे, सान बासोपुढे, मेणबत्तीसुद्धा लावून आली.

आणि पप्पा! मासे तोलता तोलता गिऱ्हाइकांना सांगत असतात, "आमचा इंजिनियर." आता सगळ्या तेर्मोलीतल्या बायका मासे घेताना आधी विचारतात, "इंजिनियर काय म्हणतोय?" आज बायकांचा दिवस म्हणून पप्पांनी मला मिमोझाची पिवळी डहाळी दिली. तिलाही माशांचा वास.

केमिस्ट्रीचं पुस्तक बॅगेत टाकलंय. उघडणार नाही, माहीत आहे मला.

शुक्रवार, ९ मार्च — गाडीत

अंकोना गेलं. समुद्र संपत आला. पुस्तक उघडलं नाही.

सहा वर्षांपूर्वी त्याला पोचवायला आम्ही सगळे गेलो होतो. पप्पांनी हट्ट धरला, बोलोन्याचा तो उंच जुना मनोरा चढायचाच. आम्ही तिघं वर गेलो (मी तेव्हा शाळेत, मला कसली पदवी!) आणि दोनातो खाली, सगळ्यांचे कोट हातावर घेऊन उभा! पदवी मिळायच्या आधी जो विद्यार्थी हा मनोरा चढतो, त्याला पदवी मिळतच नाही — बोलोन्यातलं शेंबडं पोरही सांगेल. "इंजिनियर व्हायला निघालाय आणि जिन्याला घाबरतो!" पप्पा खूप हसले. दोनातो नाही हसला. वरून मी हात हलवला, तर त्याने कोटांसकट हात हलवला.

एकवीसला पदवी घेऊन आम्ही सगळे त्याला वर नेणार आहोत. पप्पांनी जाहीर केलंय, या वेळी कोट ते सांभाळणार.

शुक्रवार, संध्याकाळ

स्टेशनवर आला होता. मिठी मारली ती सोडेचना. लोक बघायला लागले! आम्ही असे मिठ्याबिठ्या मारणारे नाही. "काय रे, मेलं का कोणी?" मी म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर अपशकुन टळावा म्हणून बाकाच्या लोखंडाला हात लावला. माझी जीभ म्हणजे ना!

खोली लख्ख. दोनातोची खोली आणि लख्ख! पुस्तकांचं शेल्फ रिकामं. "पुस्तकं कुठेत?" "परत केली." "सगळी?" "झालं ना आता काम."

त्याच्याबरोबर तित्सियानो राहतो. बेल्लुनोचा, डोंगरातला, शब्द मोजून बोलणारा. त्याने खिमा भरलेली, रसातली तोर्तेल्लिनी केली होती. मी विचारलं, "एकवीसला जेवायला येशील ना?" तर पातेल्यात बघत म्हणाला, "हां… बघू." बघू काय! जिवलग मित्राची पदवी आणि बघू! जळतो की काय?

जेवल्यावर कोटाचं माप घेतलं. टेप सरळ हाडालाच लागली.

मग त्याने मला कॉफीची किटली दिली. त्याची निळी सायकल दिली — "आगगाडीत चढवता येते, घेऊन जा." तो जाडा निळा कोटही. मी तीन वर्षं मागत होते, तेव्हा हात लावू दिला नव्हता! "मला आता नको," म्हणाला. नोकरी लागली असेल मिलानला, आणि सगळ्यांना चकित करायचं असेल. असंच असणार. नाही का?

शनिवार, १० मार्च

तो पाव आणायला खाली गेलाय. तेवढ्यात लिहून काढते, नाहीतर माझं डोकं फुटेल.

सकाळी कमानींखालून हिंडलो. विद्यापीठाच्या रस्त्यावर एका मुलीची पदवी झालेली. डोक्यावर तमालपत्राचा मुकुट, मैत्रिणी अंगावर अंडी फोडतायत, ते नेहमीचं अचकटविचकट गाणं म्हणतायत, तिची आई रुमाल तोंडाला लावून हसतेय की रडतेय कळत नाही. मी टाळ्या वाजवत थांबले. वळून बघते तर दोनातो रस्ता ओलांडून पलीकडच्या कमानींत! "चल ना, इलेनिया. तेच तेच असतं."

खानावळ बघितली. मालकीणबाई खुशीत. "वीस? बसवू की! आणि नवे डॉक्टरसाहेब कुठेयत?" पदवी मिळाली की इथे जो तो डॉक्टर! मी काचेतून दाखवला. डॉक्टरसाहेब रस्त्याकडे तोंड करून उभे. "लाजतो होय," बाई म्हणाल्या. मी नाव लिहून आले. त्याला सांगितलं तर म्हणाला, "कशाला लिहिलंस? पप्पांनी बघितलं असतं." "पप्पा काय बघणार, त्यांना मासे सोडून काय कळतं!" एरवी यावर हसला असता.

दुपारी मनोऱ्याजवळून जात होतो. तिथे एक जर्मन जोडपं नकाशा उलटासुलटा करत होतं, वर जावं की नाही म्हणून. दोनातो आपला सहज त्यांना म्हणाला, "सकाळी जा, दुपारी ऊन डोळ्यांवर येतं. आणि शेवटच्या वळणावर तुळई आहे, डोकं सांभाळा."

मी चालत राहिले. चार पावलांनी थबकले. त्याला तुळई कशी माहीत?

मी मनाची समजूत घातली — पप्पांनी सांगितलं असेल. कोणाकडून ऐकलं असेल. तेवढ्यात मनोऱ्याच्या दारातला रखवालदार सूर्यफुलाच्या बिया सोलता सोलता हाक मारतो, "काय दोनातो! आज एकटा नाहीस? हे बरं झालं."

दोनातो म्हणाला, "लोरिस, ही माझी बहीण." आणि मला जवळजवळ ओढतच नेलं.

"तो तुला नावाने कसा ओळखतो?"

"रोज इथनंच जातो मी."

खोटं. मला खोटं कळतं त्याचं, लहानपणापासून. डावा कान चोळतो. चोळला!

तो वर जाऊन आलाय. एकदा नाही, रखवालदार नावाने हाक मारेल इतक्या वेळा. आणि बोलोन्यात पदवीआधी वर कोण जातं? ज्याला पदवी मिळणारच नाही असं पक्कं माहीत आहे तो!

तित्सियानोला विचारलं आत्ताच. सरळ. "एकवीस तारीख खरी आहे का?" तो भांडं घासतच राहिला. मग म्हणाला, "त्यालाच विचार. पण विचार हं. कोणीतरी विचारायला हवं."

जिन्यावर पावलं वाजतायत. पाव आला.

रात्र झाली. नाही विचारलं. माझी हिंमतच झाली नाही.

रविवार, ११ मार्च — परतीच्या गाडीत

सकाळी तो बूट घालत होता. "जरा वाऱ्यावर जाऊन येतो. तू झोप."

मी अंथरुणातूनच म्हटलं, "तू मनोरा चढला आहेस."

बुटाची नाडी हातात तशीच राहिली. "हो."

"कधीपासून?"

"थंडी सुरू झाल्यापासून."

"आणि एकवीस तारीख?"

"एकवीस तारीख नाहीच आहे, इलेनिया. दोन वर्षांत मी एकाही परीक्षेला बसलेलो नाही."

मी काय काय बोलले ते लिहवत नाही. मम्माच्या मेणबत्तीपासून सुरुवात केली. पप्पांची गिऱ्हाइकं काढली, वीस माणसं काढली. नालायक म्हटलं. तो ऐकत होता, मान खाली घालून, एखाद्या दुसऱ्याच माणसाबद्दल चाललंय अशा थाटात. त्याचीच मला जास्त भीती वाटली. भांडला असता तर बरं झालं असतं! मग उठला आणि निघाला.

"कुठे?"

"सांगितलं ना, वाऱ्यावर."

"तिकडेच ना? मग मी पण येणार." नाइटड्रेसवर त्याचा निळा कोट चढवला आणि मागे निघाले. रस्ताभर "परत जा", "नाही जात". आमच्या दोघांच्या लहानपणी चालायचं तसंच!

मनोऱ्याच्या दारात त्याने हात आडवा घातला. "तू नको. वेडी आहेस का? बुधवारी केमिस्ट्री आहे तुझी! तुझं अजून सगळं व्हायचंय."

"आणि तुझं काय होऊन गेलंय? तुझंही व्हायचंय!"

खरं सांगते, उंबऱ्यावर माझा पाय अडला. केमिस्ट्री, माझ्या पदवीची पुढची पाच वर्षं, सगळं डोळ्यांसमोर आलं. मग मनात म्हटलं, गेली खड्ड्यात, आणि त्याच्या हाताखालून आत शिरले.

लोरिसही मागोमाग निघाला, खाली दुसऱ्याला बसवून! गुडघे धरत, धापा टाकत. याला आमच्यामागे यायची काय गरज, मला राग आला. शेवटच्या वळणावर तुळई. मी वाकले. लोरिसचं डोकं आपटलं. रोजचा माणूस!

वर वारा असा की कोटाचं शीड झालं. आम्ही दोघं कठड्याला धरून उभे. लोरिस दोनातोच्या अगदी खांद्याशी, बिया सोलत. लाल छपरं, पलीकडे स्टेशन. मी म्हटलं, "पप्पांना मी सांगते." "नको." "मग तू सांग." "मला नाही जमणार." म्हणून मीच लावला फोन. तिथूनच.

पप्पांना एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे नुसते समुद्रपक्षी ओरडतायत. वाटलं, फोन कटला. मग पप्पा म्हणाले, "जेवलाय का तो?"

"नाही."

"मग खाली उतरा आणि गाडी धरा. सूप करून ठेवतो." मागून मम्मा, "काय झालं? कोण पडलं? अगं वीस माणसांना सांगून बसलेय मी! दे इकडे!" पप्पा तिला म्हणाले, "गप्प बस गं, पोरगा घरी येतोय." एवढं मी ऐकलं. आवाज फोनबाहेर येत होता, दोनातोनेही ऐकलं. कठड्याला कपाळ टेकून रडला. मी पाठीवर हात ठेवला तर लोरिसने दुसऱ्या बाजूने ठेवला.

खाली उतरल्यावर लोरिसने मला बाजूला घेतलं. "आजच घरी ने त्याला. उद्या सोमवार. सोमवारी मी नसतो." मला काही अर्थबोध झाला नाही. मी म्हटलं, नेतेच आहे. मूठभर बिया माझ्या खिशात घातल्या त्याने.

खानावळीत जाऊन नाव खोडून आले. मालकीणबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी, होय ना?" मी हो म्हटलं.

सायकल दारात अडकतेय, गार्ड ओरडतोय. समोर तो झोपलाय, तोंड उघडं टाकून. मला अजून राग आहे. पण हलकं वाटतंय. एका पदवीसाठी एवढा जीव टांगणीला लावायचा! वेडा कुठला.

रविवार, घरी

दोनातो दोन वाट्या सूप प्यायला. पप्पांनी एकही प्रश्न विचारला नाही. मम्माने पुष्कळ विचारले. मग आत गेली, लाल बदाम वाडग्यात ओतून टेबलावर ठेवले. "खा. नासतील नाहीतर."

सोमवार, १२ मार्च

दुपारी भांडी पुसता पुसता दोनातो म्हणाला, "तुला का बोलावलं माहितेय? आज मी वर जाणार होतो. एकटा. त्याआधी तुला एकदा बघून घ्यावंसं वाटलं." मग म्हणाला, "सोमवारी लोरिसची सुटी असते."

पप्पांना सांगितलं. त्यांनी उद्या दुकान बंद ठेवलंय, तिघं डॉक्टरांकडे जातोय. परवा केमिस्ट्री. मनोरा चढून आलेय, नापासच होणार. होऊ दे. शेजारच्या खोलीत तो घोरतोय.