गुडघ्यावरची हातोडी

घनसावंगी,
रविवार दुपार

प्रिय साळू,

आठवड्याला फोनवर बोलतो आपण, मग हिला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं म्हणशील. म्हण. आज घरात कुणी नाही. बबलू बायकोला घेऊन सासुरवाडीला गेलाय आणि आमचे हे कपाशीवर फवारणी करायला गेलेत. अक्षर वाकडं झालंय, त्याला हसू नकोस. पेनाला चिंधी गुंडाळून जाड केलंय, तेव्हा कुठं ते बोटांत टिकतं. चार ओळी लिहिल्या की थांबावं लागतं. तरी आज पुरं करणार आहे.

मानेचं बारीकसं ऑपरेशन झालं, एवढंच मी तुला सांगितलं होतं. ते बारीक नव्हतं. तू भोकरदनहून धावत येशील म्हणून लपवलं. आता सांगते.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला मी तांदूळ निवडत बसले होते. खडा डोळ्यांना दिसत होता, चिमटीत धरत होते, पण चिमटीत आहे की निसटला हे बोटांना कळतच नव्हतं. मग ब्लाउजचे हुक लागेनात. वाटलं, वय झालं. पुढं पुढं चप्पल पायातून निघून जायची आणि मी तशीच एका पायानं अनवाणी चालत राहायची. कुणीतरी मागून हाक मारली की कळायचं. मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत झिणझिणी उतरायची, करंट लागल्यासारखी. पण दुखत बिलकुल नव्हतं, साळू. तिथंच तर फसले. दुखलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. बाजाराच्या दिवशी मी झोकांड्या देत चालले होते, तर भाजी विकणारी एक बाई शेजारणीला म्हणाली, "पिऊन आली वाटतं." ऐकू आलं मला. पिशवी तिथंच ठेवून घरी आले आणि रडले. हे म्हणाले, "तू बराबर जेवत न्हाईस, म्हणून अशी चालून राह्यलीस." मग सलाईन झाली, ताकदीच्या गोळ्या झाल्या. काही फरक नाही. शेवटी एक दिवस भरला हंडा घेऊन ओसरीची पायरी चढताना पाय उचललाच गेला नाही आणि हंड्यासकट पडले. तेव्हा हे घाबरले आणि मला संभाजीनगरला घेऊन गेले.

तिथली डॉक्टरीण आपल्या लेकीच्या वयाची. तिनं मला उंच पलंगावर बसवलं, पाय खाली सोडायला सांगितले आणि रबराच्या छोट्या हातोडीनं गुडघ्याखाली हळूच टपकन मारलं. माझा पाय असा उडाला की समोरचं स्टूल कलंडलं! मी तर खूश झाले. यांना म्हटलं, "बघा, ताकद हाय अजून पायात. उगं आणलं मला." हेही हसले. डॉक्टरीण हसली नाही. तिनं दुसऱ्या पायाला मारलं, तोही तसाच उडाला. मग तळपायावर किल्लीनं रेघ ओढली तर अंगठा आपोआप वर उठला. तिचा चेहरा पाहून माझं हसू विरलं.

ती म्हणाली, "मावशी, हे उडणं ताकदीचं नाही. पायाला टपली बसली की पाय आपसूक उडतो, सगळ्यांचाच. पण मेंदू वरून त्याला आवरून धरतो, म्हणून तो थोडासाच हलतो. ते आवरणं मानेतल्या दोरीसारख्या मोठ्या नसेतून खाली येतं. तुमची ती नस मणक्यांमध्ये दबलीय. वरचा निरोप खाली पोचत नाही, म्हणून पाय मोकाट उडतो. आणि पायाचाही निरोप वर जात नाही, म्हणून चप्पल गेलेली कळत नाही." मग तिनं विचारलं, "डोक्यावर ओझं वाहिलंय का कधी?"

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "बाई, दुसरं केलंय काय?"

ती मात्र खरं बोलली. म्हणाली, नुसत्या उसाच्या मोळ्यांनीच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, वयानंही मणके झिजतात. पण वर्षानुवर्षं डोक्यावर वजन घेणाऱ्याची मान लवकर झिजते. त्या पलंगावर बसल्या बसल्या मला अंकुशनगरकडचे ते उसाचे फड आठवले. लग्न होऊन नवीनच ऊसतोडीच्या टोळीत आले होते. डोक्यावर चुंबळ ठेवून उसाची मोळी घ्यायची आणि अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचं. मी पहिल्याच दिवशी फळीच्या मधोमध थिजले. नुसती खाली बघत होते. तू मागून ओरडलीस, "खाली कशाला बघून राह्यली? मान ताठ ठेव, फळी कुठं पळत न्हाई!" मान ताठ ठेवली आणि चढले. त्यानंतर कितीतरी वर्षं तसंच चढले.

आणि बबलू पोटात होता तो हंगाम. मुकादमाला कळलं तर टोळीतून काढील म्हणून मी सांगत नव्हते. तुला न सांगताच कळलं. तू गुमान माझ्या वाटणीच्या मोळ्याही उचलायला लागलीस. मी ऊस तोडून बांधायची आणि ट्रकवर तू न्यायचीस, तुझ्याही नि माझ्याही. मी आडवी आले की म्हणायचीस, "सरक, माझी मान बैलाची हाय." पोरगा धडधाकट झाला. मी ते विसरले नाही. त्या पलंगावर मला माझ्यापेक्षा तुझीच मान जास्त आठवली.

ऑपरेशनला सगळ्यांनी नको म्हटलं. मानेला हात लावला की माणूस अंथरुणालाच खिळतो, असं गावात जो तो सांगत होता. मी डॉक्टरणीलाच विचारलं, "न्हाई केलं तर?" ती म्हणाली, "आज भिंत धरून चालता, उद्या भिंतही पुरणार नाही. केलं तर जे शिल्लक आहे ते बहुतेक राहील. गेलेलं किती परत येईल, ते मी सांगू शकत नाही. थोडं आधी यायला हवं होतं." मी यांना सांगितलं, करायचं. आता पाय पुष्कळ सुधारलेत, शेतापर्यंत जाऊन येते. हात मात्र असाच राहिला. भाकरी थापायला जमत नाही, ती सून थापते. बोटांत अजूनही मुंग्या येतात. त्याचं दुःख आहे, पण त्याची सवय होतेय.

आता, साळू, कशासाठी लिहिलं ते सांगते. तुला वाचता येत नाही. म्हणजे या क्षणी तुझी सून अर्पिता हे मोठ्यानं वाचतेय आणि तू तिला "बस झालं, ठेव ते" म्हणत असशील. अर्पिता, बाळा, थांबू नकोस. यंदा बबलूच्या लग्नात तुझ्या सासूच्या मुठीतल्या अक्षता मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीच सांडून गेल्या होत्या आणि ती रिकामी मूठ उडवत होती. स्टेजवरून उतरताना तिनं खांब धरला, माझा खांदा धरला, तरी तिचा पाय पायरी शोधत होता. मी बाजूला नेऊन विचारलं तर तिनं मला बबलूची शपथ घातली, की पोराला-सुनेला कळता कामा नये, याबद्दल तोंडातून शब्द काढायचा नाही. मी काढलेला नाही. फोनवर कधी बोलले नाही, आताही तोंड बंदच आहे. तिनं लिहू नको असं काही म्हटलं नव्हतं. या आठवड्यातच तिला नसांच्या डॉक्टरकडे ने. ती चिडेल, पण तू ऐकू नकोस. आणि साळू, तू माझ्यावर हवी तेवढी रागाव. फक्त तो राग काढायला स्वतःच्या पायांनी घनसावंगीला ये. मी दारात बसून वाट बघते.

तुझीच,
बेबीनंदा