चंदनाची आमरी, माझ्या पडवीत

४ मे, रविवार

संध्याकाळी चंदना आली. माझी विद्यार्थिनी, आता पोशेऱ्यात रोपं तयार करून विकते. हातात टांगती कुंडी, कुंडीत आमरी, म्हणजे झाडावर वाढणारं ऑर्किड. लोक सीतेची वेणी म्हणतात ती. दोन वर्षांपूर्वी मोडून पडलेल्या ऐनाच्या फांदीवरून तिने उचलून आणली होती. यंदा पहिल्यांदा फुललीय. गुलाबी-पांढऱ्या दोन वेण्या, वीतभर लांब.

वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन नाशिकला आहे. ती पंधरा दिवस तिकडे. पोशेऱ्यात विहिरीने तळ गाठलाय. १९ तारखेला नव्या रिसॉर्टचे मॅनेजर ही फुलं बघायला इथेच येणार आहेत. पसंत पडली तर तिथल्या सगळ्या बागेचं काम तिला. तोवर सांभाळा म्हणाली. रोज पाणी शिंपडा सर, बाकी हात लावू नका. कुंडी बदलायची ती फुलं गळल्यावर मी बदलेन.

हात लावू नका. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं मी. राग आला नाही. फक्त नोंद केली.

५ मे, सकाळी ६.४०

पाहणी केली. परिस्थिती गंभीर. मुळं कुंडीबाहेर लोंबतायत. आत माती नाही. कोळशाचे तुकडे आणि झाडाची साल, बस्स. पोरगी माती घालायची विसरली.

आशालता म्हणाली, अहो, तिला फोन करून विचारा. मी म्हणालो, ती दवाखान्यात आहे, तिला कशाला त्रास? आशालता म्हणाली, मग झाडालाही देऊ नका.

निर्णय: कुंडी १९ नंतरच बदलायची.

६ मे

यूट्यूबवर तीन व्हिडिओ पाहिले. तिघेही म्हणतात, फुलं असताना कुंडी बदलू नये. तिघांपैकी एकही जव्हारचा नाही. निर्णय कायम. पण पक्का नाही.

७ मे

जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. ‘आमच्या पडवीतील आमरी.’ पडवी आमचीच आहे. एकाने विचारलं, सर, तुम्ही वाढवलीत? मी जोडलेले हात पाठवले. त्याचा अर्थ काहीही होतो.

चंदनाचं नाव घालणार होतो. मजकूर लांबला असता.

९ मे

एका वेणीची वरची चार फुलं तपकिरी झाली. १९ पर्यंत काय उरणार?

शेजारच्या जगनला विचारलं. त्याचा मोगरा सगळ्या तालुक्यात नावाजलेला. म्हणाला, छाटा की सर, मोगरा छाटला की तीन आठवड्यांत भरून येतो. आमरी मोगऱ्यापेक्षा नाजूक, म्हणजे तिला वेळ कमी लागणार. दहा दिवस. बरोबर १९.

आमरीबद्दल विचारतोय हे जगनला सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही.

१० मे, सकाळी

आशालताची शिवणाची कात्री घेतली. फक्त चार तपकिरी फुलं काढायची, असं ठरवून.

काढली. मग ती वेणी दुसरीपेक्षा आखूड दिसायला लागली. दुसरी थोडी कमी केली. जास्त झाली. पहिली पुन्हा थोडी.

दुपारी १२.१५. छाटणी पूर्ण. दोन्ही देठ सारखे, प्रत्येकी दोन बोटं.

टेबलावर पडलेली फुलं मी मोजली नाहीत. आशालताने मोजली. एकशे सहा.

११ मे

छाटणीनंतर पोषण हवंच. आता फुलं नाहीत, म्हणजे कुंडी बदलायला व्हिडिओवाल्यांचीही हरकत नसावी.

आमच्या भागात भाताचं रोप राबावर करतात. पालापाचोळा, शेण जाळायचं, त्या राखेच्या जमिनीत बी टाकायचं. मग आमरी का नाही? जामसरला ढवळूच्या शेतावर गेलो, पिशवीभर राबाची माती मागितली. त्याने विचारलं, कशाला हवी? सांगितलं. तो म्हणाला, गुरुजी, तो झाडाव राहणारा, त्याला माती काय कराची? मी त्याला वनस्पतीचं पोषण समजावून सांगितलं. तो हसत हसत पिशवी भरत राहिला. वर म्हणाला, भात लागला तं मलापण सांगा.

बाहेरची मुळं नव्या कुंडीत मावेनात. मावतील एवढी ठेवली.

१२ मे

चंदनाचा फोन. वडिलांचं ऑपरेशन नीट झालं. वेणी कशी आहे सर?

छान, म्हणालो.

फोटो पाठवता का, म्हणाली. ७ तारखेचा पाठवला.

आशालता शेजारीच भाजी निवडत होती. तिने ताट उचललं. आत जाऊन निवडायला लागली.

१४ मे

पानांना सुरकुत्या. एक पिवळं. झाड नव्या मातीत रुळतंय. मी स्वतः या गावात रुळायला दोन वर्षं घेतली होती.

१५ मे

चंदनाने तो फोटो मॅनेजरना पाठवला. ते खूश. मालकांनाही घेऊन येणार आहेत. तिने हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज वर्गात पहिला नंबर आल्यासारखा होता. तिचा कधी आला नाही. मीच पेपर तपासायचो.

निर्णय: उद्या खरं सांगायचं.

१६ मे

सांगितलं नाही. वडिलांच्या डोळ्यावर पट्टी असताना असं काही सांगू नये. वडिलांच्या म्हणजे तिच्या.

१७ मे

शिरपामाळला गेलो. तिकडच्या झाडांवर दुसरी आमरी मिळेल या हिशेबाने. तिचीच म्हणून टांगणार होतो. हे लिहायला नको होतं, पण ही वही दुसरं कोणी वाचत नाही.

एका आंब्यावर दिसली. पंचवीस फूट उंच. खाली उभा राहिलो. फिरायला आलेल्या एका कुटुंबाने विचारलं, शिवाजी महाराज इथेच थांबले होते ना? मी पाऊण तास माहिती दिली. झाडावर चढायचं राहून गेलं.

१९ मे, सोमवार

चंदना नऊला आली. मी दारातच सुरुवात केली, की यंदाचा उन्हाळा. ती ऐकत ऐकत कुंडीपाशी गेली. मग ऐकणं थांबलं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने बादली मागितली. झाड उपसलं, मुळं धुतली. सडलेली काढत गेली, एकेक, बोटाने दाबून बघत. मी बादली धरून उभा. एकदा म्हणाली, सर, जरा तिरकी धरा. तेवढंच. पांढरी मुळं दोन निघाली.

अकराला मॅनेजर आणि मालक आले. मालकांनी विचारलं, फुलं कुठायत? चंदना म्हणाली, गेली. माझी चूक झाली, मी इथे थांबायला हवं होतं.

मी तोंड उघडलं. चहा घेणार का, असं विचारलं.

मालक गाडीकडे वळले. मॅनेजर भला माणूस. त्याने विचारलं, बागकाम कुठे शिकलात, काही कोर्स वगैरे? ती माझ्याकडे बघून म्हणाली, आमचे सर. आठवीपासून यांनीच शिकवलं.

तिला ते खरंच वाटत होतं. मॅनेजरने माझे राखेने भरलेले हात पाहिले, दोन बोटांचे ते देठ पाहिले. फोन करतो, म्हणाला.

गाडी गेल्यावर ती ओल्या फडक्यात झाड गुंडाळून निघाली. येते सर, म्हणाली. दर वेळी म्हणते तसंच.

२० मे

तिला फोन आला नाही.

जुन्या टाचणवह्या काढल्या. आठवी, नववी, दहावी. आमरीबद्दल एक ओळ नाही. कुंडी, खत, कलम, काही नाही. तिला मी यातलं काहीच शिकवलेलं नाही.

२१ मे, सकाळी १०

मॅनेजरला फोन केला. चार वाक्यं कागदावर लिहून घेतली होती. पहिलं, चंदना माझ्याकडून काहीही शिकलेली नाही. दुसरं, तो फोटो जुना होता आणि तिला हे माहीत नव्हतं. तिसरं, फुलं मी कापली, माती मी घातली. चौथं वाक्य माझ्या एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल होतं.

पहिल्याच वाक्याला मॅनेजर म्हणाला, ते झाड बघूनच कळलं हो. दुसरं त्याला माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंत, म्हणाला, मालकांना तिनेच फसवलं असं वाटत होतं. तिसऱ्यालाही तो म्हणाला, तेही कळलं होतं. चौथ्यापर्यंत गेलो नाही.

गुरुवारी ते दोघं पोशेऱ्याला जाऊन तिची बाकीची रोपं बघणार आहेत. मी विचारलं, मी बरोबर येऊ का?

नको म्हणाला.